‘चेक’ : शब्द एक की चार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवीतल्या मुलाने विचारलं की ‘चेक कर’, ‘बँकेचा चेक’, ‘चेक्सचा शर्ट’ आणि बुद्धिबळातला ‘चेक’ हे सगळे एकच शब्द आहेत का. शब्दकोशात पाहिलं तर मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा, असं निघालं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुरात मात्र बँकेच्या चेकचं मूळ अरबी ‘सक्क’ दिलंय. खरं कुठलं? आणि बँकेच्या चेकचं स्पेलिंग वेगळं का?

चारही एकच शब्द आहेत आणि शब्दकोश बरोबर सांगतोय. पण मुलाला नुसतं ‘शाह’ सांगून भागणार नाही. राजाचा आणि शर्टावरच्या चौकटींचा संबंध काय, हे त्यातून कळत नाही. व्युत्पत्तीत मूळ शब्द सापडला म्हणजे निम्मं काम झालं. आवाज कसकसा बदलला, अर्थ कुठल्या क्रमाने सरकला आणि कुठल्या ठिकाणी फाटा फुटला, हे जुळलं तरच ती व्युत्पत्ती. नाहीतर ती नुसती शब्दांची साम्यं. म्हणून जरा लांबून येतो.

बुद्धिबळाचा उगम भारतातला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा सैन्याच्या चार अंगांवरून खेळाचं नाव ‘चतुरंग’. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाच्या राज्याचं वर्णन करताना ‘चतुरंग’ आणि ‘अष्टापद’, म्हणजे आठ-आठ घरांच्या ओळींचा पट, या शब्दांवर श्लेष केलेला आहे. खेळ इराणात गेला तेव्हा नाव ‘चतरंग’ झालं, अरबीत ‘शतरंज’. इराणात राजाच्या सोंगटीला अर्थातच ‘शाह’ म्हणत. या सोंगटीवर हल्ला झाला की समोरच्याला सावध करायला मोठ्याने ‘शाह!’ असं म्हणायची रीत पडली. इथे पहिली मोठी उडी आहे: सोंगटीचं नाव त्या सोंगटीवरच्या संकटाचं नाव झालं.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपण आजही ‘शह देतो’. फारसीत ‘शाह’चं आखूड रूप ‘शह’, तेच आपल्याकडे आलं. म्हणजे ‘शह’ आणि ‘चेक’ ही एकाच शब्दाची दोन रूपं. एक इराणातून थेट दख्खनेत उतरलं. दुसरं अरबस्तान, युरोप, इंग्लंड असा वळसा घालून इंग्रजांबरोबर आलं. राजकारणाच्या बातमीत ‘शह-काटशह’ वाचताना आणि त्याच पानावर ‘चेक वटला नाही’ वाचताना आपण एकच शब्द दोनदा वाचत असतो.

‘मात’सुद्धा तिथलीच. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगितला जातो, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे ‘मेला’. पण बुद्धिबळात राजा मारत नाहीत, त्याला हलायला जागा उरत नाही, इतकंच. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. खेळाच्या नियमाशी हाच अर्थ जुळतो आणि आपल्या ‘मात करणे’शीही. आपण संकटावर मात करतो तेव्हा त्याला ठार मारत नाही, निष्प्रभ करतो. मुलाला हा दुसरा अर्थ सांगा.

‘शाह’च्या मागे जायचं तर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जावं लागतं. बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहू राजाने, म्हणजे इंग्रजीतल्या डरायसने, कोरवलेल्या लेखात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणवतो, अर्थात राजांचा राजा. हेच पुढे झिजून ‘शाहनशाह’ झालं. ‘ख्शायथिय’मधला ‘ख्शय’ म्हणजे राज्य करणं. वेदात ‘क्षयति’ म्हणजे राज्य करतो, ‘क्षत्र’ म्हणजे सत्ता. ते याच कुळातले. सुरुवातीचा ‘ख्’ गळून ‘श’ उरणं कानाला विचित्र वाटत असेल, तर आपल्याकडे ‘क्षेत्र’चं ‘शेत’ झालंय ते आठवा. दोन्ही बदल आपापल्या वाटेने झाले, पण ‘क्ष’सारख्या जोडाक्षराची अशी झीज होते, एवढं त्यातून दिसतं.

याच कुळातला एक शब्द महाराष्ट्राच्या इतिहासात ठाण मांडून बसला आहे: क्षत्रप. जुन्या फारसीत ‘ख्शथ्रपावन’, म्हणजे राज्याचा रक्षक, हे प्रांताधिपतीचं पद होतं. ग्रीकांमार्फत त्याचं इंग्रजीत ‘सेट्रप’ झालं, आणि शकांबरोबर भारतात ‘क्षत्रप’ आलं. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत नहपान क्षत्रपाचं नाव आहे, आणि गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवल्यावर त्याच्याच नाण्यांवर स्वतःचा ठसा उमटवला. ती नाणी नाशिकजवळ जोगळटेंभीला ढिगाने सापडली.

इथे एक इशारा. हे ऐकून कोणी ‘म्हणजे चेक हा शब्द संस्कृतातून निघाला’ असं म्हणेल. तसं नाही. ‘क्षत्र’ आणि ‘शाह’ हे एकाच आजोबांचे नातू. ‘क्षत्र’ हा ‘शाह’चा बाप नव्हे. आणि कानाला ‘शहा’ लागलं की लगेच राजा शोधायचा, हीसुद्धा खोड चांगली नाही. ‘शहाणा’ हा ‘सज्ञान’वरून आलेला, हिंदीतल्या ‘सयाना’चा भाऊ. ‘शहामृग’ हा तर फारसी ‘शुतुरमुर्ग’, म्हणजे उंटपक्षी. ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी हे विसरलं गेलं, तिथे ओळखीचा ‘मृग’ बसला, आणि पुढे ‘शहा’. नवा शब्द तोंडात बसेना की लोक त्याला ओळखीच्या शब्दाचे कपडे चढवतात. ‘चेक’च्या प्रवासातही असा एक प्रसंग पुढे येणार आहे.

आता ‘शाह’चा ‘चेक’ कसा झाला ते. आवाज जुळल्याशिवाय अर्थाच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

अरबांबरोबर खेळ स्पेन आणि इटलीपर्यंत पोचला. लॅटिन लिहिणाऱ्यांकडे ‘श’ नव्हता, म्हणून त्यांनी तो ‘स्क’ असा लिहिला. शेवटचा ‘ह’ अरबीत घशातून ठाशीव येतो. लॅटिनमध्ये तसा आवाज नसल्याने त्याचा ‘क’ झाला. असं ‘स्काकुस’ हे रूप तयार झालं. इटालियनमध्ये ते ‘स्काक्को’, जर्मनमध्ये ‘शाख’, पोर्तुगीजमध्ये ‘शेक’. गोव्यात जुन्या पिढीतल्या कोणी पोर्तुगीजमधून बुद्धिबळ शिकलं असेल, तर त्यांच्या तोंडी हाच ‘शेक’ असणार.

फ्रेंचांना शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ला जोडून दुसरं व्यंजन आलं की उच्चारायला जड जायचं, आधी ‘ए’ लावून ते मोकळं करत. आपल्याकडे ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं तेच. लॅटिन ‘स्कोला’चं फ्रेंच ‘एकोल’ झालं, तसं ‘स्काकुस’चं ‘एस्चेक’. त्या काळच्या फ्रेंचमध्ये ‘सीएच’चा उच्चार ‘च’ होता. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा तिकडे वळला, त्यात हा ‘च’वाला शब्द गेला. इंग्रजांनी पुढचा ‘एस्’ गाळला, उरला ‘चेक’. नंतर फ्रेंचांनी स्वतःचा ‘च’ बदलून ‘श’ केला. त्यामुळे आज फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आहे आणि इंग्रजीत ‘चेक’. हा बदल खरा की ओढूनताणून आणलेला, हे तपासायचं तर ‘चीफ’ आणि ‘शेफ’ बघा. दोन्ही एकच फ्रेंच शब्द. ‘चीफ’ आधी आला म्हणून ‘च’, ‘शेफ’ उशिरा आला म्हणून ‘श’. एका शब्दावर नियम बांधू नये. दुसऱ्या शब्दात तोच बदल दिसला की पाय टेकायला जागा मिळते.

आणि ‘चेस’? ते या ‘एस्चेक’चं फ्रेंच अनेकवचन, ‘एस्चेस’. म्हणजे ‘चेस’चा शब्दशः अर्थ ‘शह’ या शब्दाचं अनेकवचन, अगदी मागे गेलात तर ‘पुष्कळ राजे’. चतुरंगाचा ‘चतुर’ त्यात कुठेच नाही. स्पॅनिश ‘आखेद्रेस’मध्ये मात्र तो अजून दडलेला आहे, कारण ते ‘शतरंज’वरून आलं.

आता अर्थाकडे. इथे दोन फाटे फुटतात आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. एक फाटा ‘शह’वरून निघतो, दुसरा बुद्धिबळाच्या पटावरून. तुमच्या यादीतले ‘चेक कर’ आणि ‘बँकेचा चेक’ पहिल्या फाट्यावर, ‘चेक्सचा शर्ट’ दुसऱ्यावर.

पहिला फाटा. शह बसला की खेळाडूचा बेत जागच्या जागी थांबतो. मनात कितीही मोठी चाल असो, आधी राजा सोडवावा लागतो. म्हणून चौदाव्या शतकातच ‘चेक’ला पटाबाहेर ‘अचानक थांबवणं, अडवणं’ हा अर्थ मिळाला. अडवण्यावरून ‘ताब्यात ठेवणं, आवर घालणं’. ताब्यात ठेवायचं तर लक्ष ठेवावं लागतं, नोंदीशी पडताळून पाहावं लागतं, तिथून ‘तपासणं’. हा तपासण्याचा अर्थ सतराव्या शतकातला. आज आपल्याला तोच पहिला आठवतो, पण वयाने तो धाकटा आहे. शब्दाचा सर्वांत चालता अर्थ हाच मूळ अर्थ, असं गृहीत धरलं की साखळी उलटी बांधली जाते आणि मग ती कुठेच जुळत नाही.

थोरला अर्थ, म्हणजे अडवणं, कारागिरांच्या भाषेत ठणठणीत जिवंत आहे. नाल्यावर बांधतात तो चेक डॅम पाणी अडवतो, तपासत नाही. फिटर एका नटावर दुसरा नट आवळतो, पहिला सैल होऊ नये म्हणून. त्या वरच्याला चेक नट म्हणतात. रेल्वेच्या फाटकात मुख्य रुळाच्या आतल्या बाजूला समांतर एक रूळ असतो, चाकाची कड भरकटू नये म्हणून. तो चेक रेल. पंपाच्या पाइपवरचा चेक व्हॉल्व्ह पाणी उलटं येऊ देत नाही. मुंबईच्या वेशीवरचा मुलुंड चेकनाका मात्र जकातीसाठी अडवायचा आणि तपासायचा असं दोन्ही. अर्थ सरकताना मधल्या पायरीवर उभा असलेला शब्द दाखवायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. २०१७ साली जकात गेली, नाव राहिलं.

तपासण्यावरून पुढची पायरी अशी: ज्या वस्तूशी ताडून पाहायचं, त्या वस्तूलाच ‘चेक’ म्हणू लागले. अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेवर पितळी बिल्ल्यांची जोडी असायची. दोन्हींवर एकच नंबर ठोकलेला. एक पट्ट्याने ट्रंकेला अडकवायचा, दुसरा प्रवाशाच्या हातात. उतरल्यावर नंबर जुळला की ट्रंक मिळायची. या बिल्ल्याला ‘बॅगेज चेक’ म्हणत. विमानतळावरचं ‘चेक्ड बॅगेज’ त्यावरून आलं. त्याचा अर्थ ‘तपासलेलं सामान’ नव्हे. पावती घेऊन ताब्यात दिलेलं सामान. केबिनमध्ये नेलेली पिशवीही एक्सरेतून तपासली जाते, तरी तिला कोणी ‘चेक्ड’ म्हणत नाही. अमेरिकेतल्या हॉटेलात जेवण झाल्यावर ‘चेक’ मागतात तो याच घराण्यातला: किती झाले हे ताडून बघायची चिठ्ठी, म्हणजे आपलं बिल.

बँकेचा चेक याच पायरीवर जन्मला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याचा हुकूम नव्हे. हुकुमाचा कागद फाडून दिल्यावर पुस्तकात जो तुकडा शिल्लक राहतो, काउंटरफॉइल, त्याला ‘चेक’ म्हणत. कोणी खोटा कागद आणला किंवा आकडा बदलला तर या तुकड्याशी ताडून चोरी पकडता यायची. बनावटगिरीला ‘शह’ देणारा तुकडा, असं म्हणा. पुढे असा तुकडा असलेल्या छापील कागदालाच ‘चेक’ म्हणू लागले, आणि शेवटी नाव पुस्तकातल्या तुकड्यावरून सुटून दिलेल्या कागदाला चिकटलं. म्हणजे आज आपण ज्याला चेक म्हणतो त्याच्या उरलेल्या अर्ध्याचं हे मूळ नाव.

आता ‘सक्क’चा निकाल लावता येतो. अरबीत ‘सक्क’ म्हणजे लेखी दस्त, आणि मध्ययुगात इस्लामी जगातले व्यापारी असे कागद पैसे चुकते करायला वापरत, हे खरं आहे. फारसीत त्याचं ‘चक’ हे रूपही आहे. ऐकायला सगळं जुळतं. पण तीन ठिकाणी अडतं. एक, हा शब्द पैसे देण्याचा हुकूम म्हणून आला असता तर इंग्रजीतला पहिला अर्थ तोच दिसायला हवा होता; दिसतो तो ताडून बघायचा तुकडा. दोन, अरबांचा व्यापार भूमध्य समुद्रावर इटली आणि स्पेनशी होता, तेव्हा शब्द आधी तिथल्या भाषांत रुजून मग उत्तरेला जायला हवा. प्रत्यक्षात फ्रेंच ‘शेक’ आणि स्पॅनिश ‘चेके’ हे बँकेच्या अर्थाने इंग्रजीतूनच घेतलेले आहेत. तीन, इंग्रजीत ‘चेक’ हा शब्द तीनशे वर्षं आधीपासून घरात होता आणि त्याच्या अर्थाची प्रत्येक पायरी इंग्रजीतच सापडते. बाहेरून वेगळा शब्द आणण्याची गरजच पडत नाही. व्यवहार सारखा असला म्हणून शब्द एक ठरत नाही. आपल्याकडे हुंडीही वटायची आणि चेकही वटतो, म्हणून ‘चेक’ काही ‘हुंडी’वरून आलेला नाही.

दुसरा फाटा पटाचा. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एस्चेकिएर’ म्हणत. हा शब्द इंग्रजीत ‘चेकर’ झाला, आणि पटासारख्या चौकटींच्या कापडाला ‘चेकर्ड’. त्यातूनच तुटून कापडाच्या नक्षीचं ‘चेक’ झालं, साधारण १४०० च्या सुमाराला. म्हणजे शर्टाचे चेक्स थेट ‘शह’वरून आलेले नाहीत, मध्ये पट आहे. शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळा-पांढरा झेंडा ‘चेकर्ड फ्लॅग’, आणि ‘चेकर्ड पास्ट’ म्हणजे कधी उजळ, कधी काळा असा भूतकाळ.

या पटाचा सगळ्यांत गमतीचा उपयोग इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात झाला. बाराव्या शतकात राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने खजिन्याचं काम कसं चालतं हे सविस्तर लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते दिसतं. एक मेज, सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. भोवती चार बोटं उंचीचा काठ, म्हणजे ठेवलेलं काही घरंगळून जाऊ नये. वर काळं कापड, त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतरावर आखलेल्या रेघा. प्रत्येक रकान्याला किंमत ठरलेली: पेनी, शिलिंग, पौंड, वीस-वीस पौंड, शेकडा, हजार. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर मायकेलमासला, परगण्यांचे शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला यायचे. देणं किती निघतं ते एका ओळीत गोट्यांनी मांडायचं, भरलं किती ते खालच्या ओळीत, आणि वजाबाकी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायची.

एवढा खटाटोप का? कारण हिशेब रोमन आकड्यांत होते. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. बारा पेनीचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. हे कागदावर वजा करून बघा, म्हणजे पट का लागला ते कळेल. रकाना हेच त्यांचं स्थानमूल्य होतं. शिवाय पुष्कळ शेरीफांना वाचता येत नसे. गोट्या मात्र कोणालाही मोजता येतात. फिट्झनील स्वतःच म्हणतो की बुद्धिबळात दोन राजांमध्ये लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात.

या पटावरून त्या कार्यालयाचं नाव पडलं आणि पुढे ते सरकारी खजिन्याचं नाव झालं: ‘एक्सचेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’. ऋषी सुनक पंतप्रधान होण्याआधी हेच पद सांभाळत होते. मराठी वर्तमानपत्रं ‘अर्थमंत्री’ लिहितात ते योग्यच. आणि मघाशी म्हटलेला शहामृगाचा प्रकार इथे झाला. ‘एस्चेकिएर’मधला ‘एस्’ हा लॅटिन ‘एक्स’ या उपसर्गाचा बिघडलेला अवतार असावा, असं कोण्या विद्वान लेखनिकांना वाटलं, आणि त्यांनी तो ‘सुधारून’ एक्स केला. मूळ शब्दात ‘एक्स’ कधी नव्हताच. तो ‘इस्कूल’मधल्या ‘इ’सारखा फुकट लागलेला ‘ए’ होता.

याच खजिन्यात पावती म्हणून लाकडी काठ्या वापरत. खाचा पाडून काठी उभी चिरायची, अर्धी याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे. पुन्हा जुळवल्या की खाचांना खाचा बसल्या पाहिजेत. साठलेल्या जुन्या काठ्या १८३४ मध्ये पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच जळाली. हे विषयाला सोडून झालं, पण मुलाला हे नक्की आवडेल.

इथपर्यंतचं एकदा गोळा करतो. शाह, मग शह. शहवरून अडवणं, आवरणं, तपासणं, ताडायची खूण, बँकेचा चेक. आणि शहच्या पटावरून चौकटींचं कापड आणि इंग्लंडचा खजिना. ‘चेक प्रजासत्ताक’ यात नाही. ते स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव, इंग्रजीत वेगळं लिहितात. देवनागरीत आपण तिन्ही सारखे लिहितो म्हणून भास होतो.

व्यवहारात याचा उपयोग भाषांतर करताना होतो. इंग्रजीत ‘चेक’ दिसला की हात आपोआप ‘तपासणे’कडे जातो, मशीनचा तर जातोच. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’चं ‘तपासण्या आणि शिल्लक’ केलेलं वाचायला मिळतं. तिथे अडवण्याचा अर्थ आहे: सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला घातलेला आवर आणि राखलेला समतोल. ‘अनचेक्ड ग्रोथ’ म्हणजे न तपासलेली वाढ नव्हे, बेसुमार वाढ. ‘कीप युवर टेंपर इन चेक’ला मराठीत दोनच शब्द लागतात: राग आवर. अमेरिकन विद्यापीठांचे अर्ज भरणाऱ्यांना ‘चेक ऑल दॅट अप्लाय’ हमखास अडवतं. तिथे चेक म्हणजे बरोबरची खूण. लागू असेल त्या प्रत्येक चौकोनात खूण करायची. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तिला टिक म्हणतात.

कुठला अर्थ घ्यायचा हे बरंचसं संदर्भावर ठरतं, पण एक युक्ती चालते. वाक्यात ‘चेक’च्या जागी आधी ‘आवर घालणे’ किंवा ‘अडवणे’ ठेवून बघा. बसलं तर तेच घ्या. नाही बसलं तर ‘ताडून पाहणे’, आणि तेही नाही तर ‘खूण’ किंवा ‘पावती’. थोरल्यापासून धाकट्याकडे जायचं, कारण धाकटा अर्थ आपल्याला तसाही आठवतोच.

राहिलं स्पेलिंग. बँकेचा चेकही आधी साधा सी-एच-ई-सी-के असाच लिहीत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये ‘क्यू-यू-ई’चा शेवट रूढ झाला. पैशाचा कागद आहे म्हणजे ‘एक्सचेकर’शी नातं असणार, त्याच्या स्पेलिंगमध्ये क्यू आहे, तर यातही हवा, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे जे दोन फाटे शेकडो वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यातल्या एका फाट्यावरच्या शब्दाला दुसऱ्याचं शेपूट लावलं. चुकीच्या कारणाने झालं, पण सोय झाली: तपासणं आणि पैशाचा कागद लिहिताना वेगळे ओळखू येतात. अमेरिकेने हा बदल स्वीकारला नाही, तिथे दोन्हीला सी-के.

भारतात १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेकसारख्या कागदांचा कायदा, ब्रिटिश काळातला, त्यात क्यू-यू-ई आहे, आणि इथल्या बँका, कोर्टं, चेकबुकं सगळीकडे तेच चालतं. तेव्हा मुलाने शाळेत बँकेच्या चेकला क्यू-यू-ई लिहावं आणि बाकी सगळ्या चेकना सी-के. अमेरिकन पुस्तकात किंवा तिकडच्या नातेवाइकाच्या मेलमध्ये बँकेचा चेक सी-केने लिहिलेला दिसला तर ती चूक समजू नये.